डोक्यावरची गाठ आणि गळ्यातला गलगंड



घरातील म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला तेल लावण्याचे काम आपल्याकडे बहुधा सुनेकडे, लेकीकडे नाहीतर नातीकडे असते. काम साधे दिसते. पण डॉक्टरांच्या हातून वर्षातून एकदाही न होणारी तपासणी त्या बोटांकडून दर आठवड्याला घडत असते. आजचा लेख अशाच एका सुनेच्या बोटांना लागलेल्या गाठीविषयी आहे, आणि ती गाठ पाहताना माझ्या हातून झालेल्या चुकीविषयीही आहे.

जळगाव आणि धुळे यांना जोडणाऱ्या महामार्गावर माझा दवाखाना आहे. दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांतून रुग्ण येतात. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दरमहा येणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका आजींबरोबर काही वर्षांपूर्वी त्यांची सून आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आमच्या आईंच्या डोक्याला मागच्या बाजूला गाठ लागते. तेल लावताना हाताला आली." आजींनी तिला मध्येच थांबवले, "दुखस नही, मंग कसाले दखाडू?" दुखत नाही, मग दाखवायची कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी केसांत बोटे घालून पाहिले. बोराएवढी, घट्ट, न दुखणारी गाठ होती. अशा गाठी असंख्य लोकांच्या डोक्यावर असतात. "चरबीची गाठ दिसते; त्रास नसेल तर राहू द्या," असे सांगून मी रक्तदाबाची गोळी लिहून दिली.

या आजींच्या गळ्यावर तीस वर्षांपासूनचा गलगंड होता. दर महिन्याला रक्तदाब मोजताना तो माझ्या डोळ्यांसमोर असे. परंतु इतक्या वर्षांच्या सवयीने मी त्याकडे पाहणेच सोडले होते. गाठ डोक्यावर आणि गलगंड गळ्यावर. या दोहोंचा काही संबंध असू शकेल, हे त्या दिवशी माझ्या मनात आले नाही.

चार महिन्यांनी सून पुन्हा आली ती घाबरून. गाठ आता लिंबाएवढी झाली होती. तिच्यावरचे केस गळले होते, कातडी तांबूस-जांभळी पडली होती आणि तीवर बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. फणी लागून रक्त आले, ते थांबवायला अर्धा तास कापड दाबून धरावे लागले होते. मधल्या काळात कोणीतरी "पाच मिनिटांत कापून देतो" असेही सांगितले होते. आजींनीच नकार दिला, हे आमचे सुदैव. त्या दिवशी मात्र माझा एक हात डोक्यावरच्या गाठीवर आणि दुसरा गळ्यावर गेला. गलगंडाचा पूर्वी मऊ असलेला डावा भाग दगडासारखा कठीण लागत होता.

आजींना धुळ्याला पाठवले. डोक्यावरच्या गाठीत बारीक सुई घालून पेशी तपासण्यात आल्या. अहवालात लिहिले होते, की या पेशी थायरॉइड ग्रंथीच्या आहेत.

गळ्यातील पेशी डोक्यावर कशा पोहोचल्या?

थायरॉइड, म्हणजेच अवटु ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असतो. आपल्या आहारातील आयोडीन रक्तातून ओढून घ्यायचे आणि त्यापासून संप्रेरक तयार करायचे, हे तिचे काम. या ग्रंथीत गाठ होणे अगदी सामान्य आहे आणि अशा शंभर गाठींपैकी सुमारे नव्वद गाठी निरुपद्रवी असतात. उरलेल्यांत कर्करोग आढळतो आणि त्याचे चार मुख्य प्रकार आहेत.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पॅपिलरी. तो सावकाश वाढतो आणि पसरलाच तर प्रथम मानेतील रसग्रंथींमध्ये जातो. दुसरा फॉलिक्युलर. तो रक्तवाहिन्यांत शिरतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊन बसतो. तिसरा मेड्युलरी; तो काही कुटुंबांत आनुवंशिक असतो. चौथा अ‍ॅनाप्लास्टिक, तो विरळा आहे, पण अतिशय आक्रमक असतो, आणि बहुधा वृद्धांमध्ये, पुष्कळदा जुन्या गलगंडातच, काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो.

यांपैकी कोणताही प्रकार क्वचित त्वचेतही पसरू शकतो. हे फार विरळ आहे. थायरॉइडचा कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांमध्ये एकालाही असा प्रसार होत नाही, इतके त्याचे प्रमाण कमी. पण होतो तेव्हा तो सर्वाधिक वेळा डोक्याच्या त्वचेत आढळतो. डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा विपुल असतो. रक्ताबरोबर भटकणाऱ्या पेशींना तेथे थांबायला जागा मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. काही वेळा गाठ मुळात कवटीच्या हाडात असते आणि तेथून बाहेर फुगते. अशा गाठीवर हात ठेवला तर नाडीसारखे ठोके लागतात.

त्वचेतील ही गाठ दोन वेळी दिसू शकते. एक, थायरॉइडचे ऑपरेशन होऊन वर्षे लोटल्यावर, सगळे विसरून गेल्यावर. दोन, थायरॉइडचा आजार कोणालाच माहीत नसताना, त्याची पहिली खूण म्हणून. आमच्या आजींच्या बाबतीत दुसरा प्रकार घडला होता.

सातपुडा आणि मीठ

आपल्या खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, गलगंड असलेल्या वृद्ध स्त्रिया आजही भेटतात. डोंगराळ भागातील जमिनीतून पावसाच्या पाण्याबरोबर आयोडीन वाहून जाते. तेथील धान्यात आणि पाण्यात ते कमी पडते. ते पुरे पडावे म्हणून ग्रंथी आकाराने वाढते, तोच गलगंड. प्रौढ माणसाला दिवसाला केवळ १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. तेवढेही जुन्या पिढीच्या वाट्याला आले नाही. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून मिठात आयोडीन मिसळून झालेल्या प्रयोगाने मिठाचा उपयोग सिद्ध केला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

आयोडीन कमी असलेल्या प्रदेशांत फॉलिक्युलर प्रकारचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते, आणि रक्तावाटे दूर जाणारा प्रकार तोच. म्हणून आपल्याकडच्या जुन्या गलगंडाकडे 'आईलाही होता, आजीलाही होता' असे म्हणून दुर्लक्ष करू नये. त्याचबरोबर हेही सांगतो, की आयोडीनयुक्त मिठाने कर्करोग होतो ही भीती निराधार आहे. घरात तेच मीठ वापरावे. मात्र वर्षानुवर्षांचा गलगंड मिठाने विरघळेल अशी आशाही धरू नये, आणि आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्रशेवाळाच्या पुड्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. जुन्या गलगंडात अचानक जास्त आयोडीन गेले, तर ग्रंथी बेफाम होऊन हृदयाला त्रास होऊ शकतो.

कोणती गाठ दाखवावी?

हा लेख वाचून प्रत्येक चामखिळीची धास्ती घेऊ नका. उतारवयात त्वचेवर येणाऱ्या बहुसंख्य गाठी साध्या असतात: चरबीच्या, तेलग्रंथी तुंबून झालेल्या, किंवा काळपट खरबरीत मस. पण पुढील खुणा असतील, तर आठ-पंधरा दिवसांत डॉक्टरांना दाखवावे:

• नवी आलेली आणि काही आठवड्यांत वाढत चाललेली गाठ, मग ती दुखत असो वा नसो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.
• तांबूस किंवा जांभळट, घट्ट गाठ. तिच्यावरचे केस जाणे. थोडे लागताच जास्त रक्त येणे.
• हात ठेवल्यास ठोके लागणारी गाठ.
• न भरणारी जखम, किंवा थोड्या काळात एकाहून अधिक गाठी येणे.
• मानेवरच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही कर्करोगाच्या ऑपरेशनच्या व्रणाजवळ आलेली गाठ.

ज्यांच्या गळ्यावर गलगंड आहे, त्यांच्या बाबतीत आणखी काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. गलगंडाचा एखादा भाग कठीण होणे, आवाज बसून तीन आठवड्यांत न सुधारणे, घास अडकणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, एखाद्या हाडात रात्रीही न थांबणारी वेदना. यांतील काहीही नव्याने सुरू झाले, तर वाट पाहू नये.

आणि एक विनंती मी हात जोडून करतो. वाढती, तांबडी किंवा रक्त येणारी गाठ तपासल्याशिवाय कोठेही कापू देऊ नका. अशी गाठ रक्ताने भरलेली असते. सोय नसलेल्या ठिकाणी ती कापली, तर रक्तस्राव आवरत नाही. शिवाय काढलेला तुकडा फेकून दिला, तर आजाराचा पत्ताच हरवतो. शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे.

'थायरॉइड नॉर्मल आहे' म्हणजे काय?

पुष्कळ कुटुंबे रक्ताचा अहवाल पुढे करून म्हणतात, "टीएसएच नॉर्मल आहे, मग गलगंडाची काळजी कशाला?" टीएसएचच्या तपासणीवरून ग्रंथी काम किती करते हे कळते, गाठीत काय आहे हे कळत नाही. थायरॉइडचा कर्करोग असलेल्या बहुतेक रुग्णांचे टीएसएच नॉर्मलच असते. गाठीचा स्वभाव कळण्यासाठी मानेची सोनोग्राफी करावी लागते, आणि तीत संशय आला तर सुईने पेशींची तपासणी.

सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. तिच्यामुळे लोक महिनेच्या महिने वाया घालवतात. सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याची घटना अत्यंत दुर्मीळ आहे. निदान लांबल्यामुळे होणारे नुकसान रोजचे आहे. त्वचेतील गाठीच्या पेशी किंवा तुकडा मिळाला, की थायरोग्लोब्युलिनसारख्या प्रथिनांच्या विशेष चाचण्यांवरून त्या थायरॉइडच्याच आहेत का, हे निश्चित करता येते.

त्वचेत प्रसार आढळला, की फुप्फुसे व हाडेही तपासावी लागतात, कारण तो बहुधा एकटा नसतो. येथे वयाचाही विचार होतो. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कर्करोगाच्या टप्प्यांची जी वर्गवारी आज वापरली जाते, तीत ५५ वर्षे ही सीमारेषा आहे. त्याखालच्या वयात दूरवर प्रसार असला तरी आजार दुसऱ्या टप्प्यातला मानतात. ५५ पूर्ण झाल्यावर तोच प्रसार चौथ्या टप्प्यात मोजला जातो. म्हणून ज्येष्ठांच्या बाबतीत 'आता या वयात कशाला तपासण्या' असे म्हणणे बरोबर नाही. वेळेचे मोल त्यांच्यासाठी अधिक आहे.

घर न विसरलेल्या पेशी

या आजारात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारातील पुष्कळ पेशी गळा सोडून कोठेही गेल्या, तरी आयोडीन ओढून घेण्याची आपली सवय सोडत नाहीत. त्याच सवयीचा उपयोग उपचारासाठी करतात. प्रथम ऑपरेशन करून थायरॉइड ग्रंथी काढतात. नंतर रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन तोंडावाटे देतात, द्रवाच्या किंवा कॅप्सूलच्या रूपात. डोक्यावर, फुप्फुसात, जेथे कोठे थायरॉइडच्या पेशी असतील, त्या ते ओढून घेतात आणि आतून जळतात. न्यूयॉर्कमधील डॉ. सॅम्युएल सायडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये दूरवर पसरलेल्या थायरॉइड कर्करोगावर या उपचाराचा परिणाम प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईत परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात, अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये स्थापन झाले, आणि तेव्हापासून ते या उपचाराचे मोठे केंद्र राहिले आहे.

त्वचेतील गाठ एकटीदुकटी असेल, तर ती शस्त्रक्रियेने काढतात. काही वेळा बाहेरून किरणोपचार देतात. काही पेशी मात्र आयोडीन घेण्याची सवय गमावतात. मेड्युलरी आणि अ‍ॅनाप्लास्टिक प्रकारांत हा उपचार चालतच नाही. अशा वेळी आजार आवरून धरणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. त्यांचे दुष्परिणामही असतात, म्हणून रुग्णाची शक्ती आणि इच्छा पाहून कर्करोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलून निर्णय घ्यावा.

सांभाळणाऱ्यांसाठी

किरणोत्सारी आयोडीनआधी साधारण दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार सांगतात. त्या काळापुरते आयोडीनयुक्त मीठ बंद असते. लोणचे, पापड, फरसाण यांतही तेच मीठ असते, हे विसरू नये. हल्ली कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर तसे सांगावे, कारण त्या औषधातही आयोडीन असते. औषध दिल्यावर रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात आणि नातेवाइकांना आत सोडत नाहीत. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे टाकून दिल्यासारखे वाटते. म्हणून काय होणार आहे, हे आधीच शांतपणे समजावून सांगावे. या आयोडीनची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते. घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळे झोपावे, लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवावे, पाणी भरपूर प्यावे. पुढे ते माणूस नेहमीसारखे सर्वांत मिसळू शकते. हा आजार संसर्गजन्य नाही.

ग्रंथी काढल्यानंतर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने. कर्करोगाच्या रुग्णात टीएसएच मुद्दाम कमी ठेवलेले असू शकते. नेहमीच्या अहवालात ते 'कमी' दिसले म्हणून कोणी गोळी घटवू लागले, तर कर्करोगावरच्या उपचाराचा कागद आधी त्यांच्यापुढे ठेवावा. छातीत धडधड होत असेल, तर तेही कळवावे, कारण वृद्धांत हा तोल सांभाळूनच मात्रा ठरवतात.

खर्चाची चिंता प्रत्येक घरात असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन प्रथम त्यांना भेटावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते; त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यावे. सर्व कागद, विशेषतः पॅथॉलॉजीचे अहवाल, एकाच पिशवीत तारखेच्या क्रमाने ठेवावेत. वीस वर्षांपूर्वीच्या गळ्याच्या ऑपरेशनचा पिवळा पडलेला कागदही टाकू नये.

आजींचे पुढे काय झाले?

परळला आजींचे दोन्ही ऑपरेशन झाले आणि नंतर त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिले गेले. फुप्फुसांतही बारीक ठिपके होते. घरच्यांना त्यांच्यापासून आजार लपवायचा होता. मी म्हटले, विचारतील तेवढे खरे सांगा. त्यांनी मला एकच विचारले, डोक्यावरची गाठ गळ्यातूनच आली होती का. मी 'होय' म्हणालो आणि ती मला चार महिने आधी ओळखता आली असती, हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सुनेकडे बोट करून म्हणाल्या, "तिने तर सांगितलं होतं."

आजी त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ होत्या. त्यांतला बराचसा काळ त्यांनी अंगणात बसून, घरच्यांना हुकूम सोडत घालवला. ते चार महिने मिळाले असते तर फरक किती पडला असता, हे मी सांगू शकत नाही. पण ते गेले माझ्या हातून. तेव्हापासून कोणाच्या त्वचेवर नवी गाठ दिसली, की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो, आणि 'पूर्वी कशाचे ऑपरेशन झाले होते का' हा प्रश्न मी विचारल्यावाचून राहत नाही.

येत्या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांच्या डोक्याला तेल लावाल, तेव्हा बोटे जरा सावकाश फिरवा. काही लागले तर तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर छायाचित्र काढा आणि आकार कशाएवढा आहे ते नोंदवा: बोर, सुपारी की लिंबू. मग डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना गाठीबरोबर गळाही दाखवा. डॉक्टर घाईत असले, तरी दाखवाच.